कोविडवाला ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर वापरून घरी नायट्रॉक्स बनवता येईल का?

निवतीकर७

नमस्कार मंडळी. आमची मालवण साइडला छोटी डाइव्ह बोट आहे, मी आणि चुलत भाऊ मिळून चालवतो. पावसाळा म्हणून बोट वर ओढून ठेवलीये, हात रिकामे आहेत आणि डोक्यात एक किडा वळवळतोय. २०२१ ला बाबांसाठी १० लिटरचा कॉन्सन्ट्रेटर घेतला होता, बाबा देवाच्या कृपेने ठणठणीत आहेत आणि मशीन तेव्हापासून माळ्यावर जुन्या चादरीत गुंडाळून पडलंय. विकायला काढला तर कोणी भंगाराचा भाव पण देत नाही.

तर यूट्यूबवर बघितलं की लोकं पीव्हीसी पाइपची स्टिक बनवतात, म्हणजे पाइपच्या आत आडवे पडदे बसवायचे, एका टोकाने हवा आत येते, तिथेच ऑक्सिजन सोडायचा, दुसरं टोक कॉम्प्रेसरच्या इनटेकला, मध्ये दोन्ही मिसळून जातं आणि सिलिंडरमध्ये डायरेक्ट नायट्रॉक्स, म्हणजे ऑक्सिजन जास्त आणि नायट्रोजन कमी असलेली श्वासाची हवा. आमचा कॉम्प्रेसर पेट्रोल इंजिनवाला, १०० लिटर पर मिनिटचा, ऑइलवाला. ऑक्सिजन सिलिंडरच्या ऐवजी हा कॉन्सन्ट्रेटर लावला तर चालेल का, आणि किती टक्के मिळेल? फुटणार बिटणार तर नाही ना? आणि फ्लो आपल्याला माहितीच असेल तर ॲनालायझर (ऑक्सिजनचे टक्के मोजायचं यंत्र) घेतलाच पाहिजे का, कारण त्यातला सेल महाग आहे आणि दोन-तीन वर्षांत मरतो म्हणतात.

कशासाठी पाहिजे ते पण सांगतो म्हणजे शिव्या कमी पडतील. सीझनला एका ग्रुपबरोबर आंग्रिया बँकला, म्हणजे भर समुद्रातल्या बुडालेल्या प्रवाळ पठारावर, जायचं चाललंय. नायट्रॉक्सचा कोर्स दोघांचाही झालेला आहे, बनवायचा नाही, वापरायचा.

धोंडी_पाणबुडो

अरे बाबा किल्ल्याच्या मागे सात-आठ मीटरात नायट्रॉक्स कशाक व्हयो तुका? थंय टुरिस्ट वीस मिनिटांत फोटो काढून वर येतत. हवा संपता, नायट्रोजन खंय भरता?

निवतीकर७

काका आंग्रियासाठी म्हटलंय, पूर्ण वाचा की 😄

बुडबुडा_पुणे

धोंडीकाकांचं किल्ल्यापुरतं १०० टक्के बरोबर आहे. ग्रँड आयलंड, तारकर्ली, किल्ला, इथे नायट्रॉक्स म्हणजे सायकलला टर्बो. पण आंग्रियाचा माथाच मुळात २० मीटरच्या आसपास आहे, म्हणजे तिथे तुम्ही उतरलात की पहिल्या मिनिटापासून २०-२२ ला, वर यायला उथळ रीफ नाहीच. विजयदुर्गपासून १०० किलोमीटरच्या वर आत समुद्रात आहात, नायट्रोजनचा त्रास झाला तर उपचाराचा प्रेशर चेंबर जवळ नाही. तिथे नायट्रॉक्स नेणं मला तरी शहाणपणाचं वाटतं. मुरुडेश्वरहून नेत्राणीला जातात तिथल्या खोल साइटला पण थोडा उपयोग आहे.

आता आकडे. सूत्र सोपंय. कॉम्प्रेसर मिनिटाला १०० लिटर ओढतो, त्यातले १० लिटर कॉन्सन्ट्रेटरचे आणि ९० लिटर बाहेरची हवा. हवेतला ऑक्सिजन २०.९ टक्के म्हणजे ९० लिटरमध्ये १८.८ लिटर. कॉन्सन्ट्रेटर चांगला असेल तर ९३ टक्के देतो म्हणजे ९.३ लिटर. बेरीज २८.१. तर तुमचा नायट्रॉक्स २८. बास. ३२ विसरा. तसला अजून एक कॉन्सन्ट्रेटर शेजाऱ्याकडून उचललात तर ३५ पर्यंत जाल, पण माझं ऐका, २८ वरच थांबा. कारण सांगतो.

२२ मीटरला २८ टक्के म्हणजे नायट्रोजनच्या हिशेबाने हवेवर १९ मीटरला असल्यासारखं. पॅडी या डाइव्हिंग संस्थेच्या टेबलमध्ये हवेवर २२ मीटरला नो-डेको (वर येताना न थांबता सरळ येता येईल एवढा वेळ) ३७ मिनिटं, २० मीटरला ४५, आणि १९ साठी टेबलात २० च धरतात. म्हणजे आठ मिनिटं वाढली, किंवा तेवढीच डाइव्ह करून अंगात नायट्रोजन कमी, मी दुसरं निवडेन. ३२ असता तर २२ ला ५६ मिनिटांपर्यंत गेला असतात हे खरं, पण ११ लिटरच्या सिलिंडरवर २२ मीटरला ५६ मिनिटं हवा पुरणारा गडी आमच्या क्लबात तरी एकच आहे आणि तो योगा टीचर आहे.

आणि २८ चा मोठा फायदा म्हणजे श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब १.४ बारच्या आत ठेवायच्या हिशेबाने त्याची मॅक्स डेप्थ ४० मीटर येते. रिक्रिएशनल लिमिटच ४०. म्हणजे एखाद्याने चुकून खाली घसरगुंडी केली तरी ऑक्सिजनचा झटका यायची भीती जवळपास नाही. ३२ ला तीच मर्यादा ३३-३४ मीटर, ३६ ला २९ च्या आत. खाली फिट आली की तोंडातून रेग्युलेटर सुटतो आणि माणूस बुडतो, आधी काही चाहूल लागेलच असं नाही. घरी बनवलेल्या मशीनला जेवढा ढिलेपणा परवडतो तेवढा २८ देतो.

फुटण्याबद्दल. ४० टक्क्यांच्या खाली नायट्रॉक्सला हवेसारखंच वागवायचं असा साधारण नियम जगभर चालतो, त्यामुळे सिलिंडर, व्हॉल्व्ह वगैरे ऑक्सिजन-क्लीन (तेलाचा अंशही न ठेवता साफ) करायची गरज तुमच्या केसमध्ये येत नाही. पण कॉम्प्रेसर कंपनीचं मॅन्युअल उघडून बघा, बऱ्याच जणांनी २१ च्या वर नाहीच म्हणून लिहिलेलं असतं, मग वॉरंटी गेली म्हणून समजा. तेल सिंथेटिकच घाला, मिनरल तेल लवकर पेटतं. खरा धोका असतो तो ऑक्सिजन सिलिंडर लावून स्टिक चालवताना, कारण कॉम्प्रेसर मध्येच बंद पडला आणि ऑक्सिजन चालूच राहिला तर पाइप शुद्ध ऑक्सिजनने भरतो आणि पुन्हा स्टार्ट मारल्यावर तेलाच्या गरम सिलिंडरमध्ये तोच जातो. तुमच्या कॉन्सन्ट्रेटरला मिनिटाला १० लिटरच्या वर द्यायची ताकदच नाही आणि स्टिकचं एक टोक उघडं, म्हणजे जास्तीचा बाहेर सांडतो. तरी सवय लावून घ्या, बंद करताना आधी कॉन्सन्ट्रेटर, मग दोन मिनिटं कॉम्प्रेसर नुसत्या हवेवर, मग कॉम्प्रेसर. आणि इंजिन मध्येच बंद पडलं तर कॉन्सन्ट्रेटर बंद करून, नळी काढून, स्टिक थोडा वेळ मोकळी सोडून मगच किक मारा.

ॲनालायझरशिवाय मात्र हात लावू नका. फ्लो माहितीये म्हणता, पण कोणाचा फ्लो? कॉम्प्रेसरवर १०० लिहिलंय ते नवा असतानाचं. घड्याळ लावून बघा, ११.१ लिटरचा ॲल्युमिनियम सिलिंडर ५० पासून २०० बारपर्यंत भरायला १७ मिनिटं लागली तर १०० च्या जवळ आहे. २० मिनिटं लागली तर तुमचा कॉम्प्रेसर ८३ लिटरचाच उरलाय आणि मग मिक्स साडेएकोणतीसच्या पुढे जाणार. कॉन्सन्ट्रेटरचे ९३ पण कोणी मोजलेत? कोकणात लाइट गेली तर कॉन्सन्ट्रेटर बंद आणि तुमचं पेट्रोल इंजिन मात्र धडधडत हवा भरतंय, तुम्ही चहा प्यायला गेलेले असाल तर कळणार पण नाही.

गॅसवाला_कुडाळ

मी ऑक्सिजनच्या धंद्यात आहे, डाइव्हिंग आयुष्यात केलेलं नाही, पोहता पण जेमतेम येतं. तरी दोन शब्द.

पहिलं, कॉन्सन्ट्रेटर नको म्हणून सिलिंडर आणायचा विचार कराल तर डी टाइप म्हणजे मोठा, साधारण ७ क्यूबिक मीटरचा, १५० बारला भरलेला असतो. तो हातातलं खेळणं नाही. आमच्याकडे नवीन पोरगं कामाला लागलं की पहिल्या दिवशी साबणाने हात धुवायला लावतो, कारण आपल्याकडे डोक्याला खोबरेल लावून तेच हात पँटला पुसायची सवय, आणि तेलकट हाताने ऑक्सिजनचा व्हॉल्व्ह धरायचा नाही म्हणजे नाही. व्हॉल्व्ह सावकाश उघडायचा, झटकन उघडला की पुढच्या नळीत गॅस दाबला जाऊन एकदम तापतो आणि तिथे तेलाचा थेंब किंवा रबराचा तुकडा असेल तर तोच काडीपेटी. बॉल व्हॉल्व्ह ऑक्सिजनच्या हाय प्रेशर लाइनवर लावलेला दिसला की मी त्या माणसाला माल देत नाही. बायको म्हणते गिऱ्हाईक हाकलतोस, हाकलतो.

दुसरं, कायद्याचं. प्रेशरचे सिलिंडर भरणं हे गॅस सिलिंडर नियम २०१६ खाली येतं आणि ते बघणारं सरकारी खातं म्हणजे पेसो, त्याचं हेडऑफिस आपल्या नागपूरलाच आहे. एका सिलिंडरमधून दुसऱ्यात ऑक्सिजन सोडणं म्हणजे भरणंच धरतात. तुम्ही टुरिस्टला पैसे घेऊन देणार असाल तर आधी परवान्याचं विचारून घ्या, नंतर काही झालं तर इन्शुरन्सवाला पहिला कागद तोच मागेल.

तिसरं, मेडिकल की इंडस्ट्रियल हा प्रश्न नेहमी येतो. गॅस बहुतेक वेळा एकाच लिक्विडमधून येतो, फरक सिलिंडरच्या इतिहासात असतो. मेडिकल काळा आणि खांदा पांढरा, इंडस्ट्रियल नुसता काळा. कोविडच्या वेळी तर आर्गॉन-नायट्रोजनचे टँक पण ऑक्सिजनला वळवले होते, सगळं घाईघाईत. सिलिंडर कुठून कुठे फिरला ते तुम्हाला माहीत नसतं, मला माहीत असतं. म्हणून सांगतो, तुमचा तो माळ्यावरचा डबाच बरा.

बुडबुडा_पुणे

गॅसवाले दादा, तुमच्यासारखा डीलर पुण्यात मिळाला असता तर अर्धे केस कमी पांढरे झाले असते.

यात अजून एक टाकतो, कारण कोणीतरी विचारणारच की सरळ सिलिंडरमध्ये आधी ऑक्सिजन टाकून वरून हवा का नाही भरायची. त्याला पार्शल प्रेशर म्हणतात आणि ३२ साठी २०० बारच्या सिलिंडरमध्ये २८ बार शुद्ध ऑक्सिजन आधी जातो. म्हणजे स्कूबा सिलिंडरमध्ये १०० टक्के ऑक्सिजन, मग तिथे व्हायटनचे (ऑक्सिजनला चालणाऱ्या रबराचे) ओ-रिंग, ऑक्सिजनचं वेगळं ग्रीस, साधं सिलिकॉन ग्रीस नाही, आणि वरून भरायची हवा पण डबल फिल्टरची. शिवाय ऑक्सिजनचा सिलिंडर ४०-५० बारपर्यंत उतरला की पुढे दाब वाढवणारा बूस्टर लागतो, तळातला माल वाया. स्टिकवर तोच डी टाइप अगदी तळापर्यंत वापरता येतो, ३२ चे साधारण वीसेक सिलिंडर निघतात. फ्लोरिडाच्या केव्ह डायव्हर लोकांनी नव्वदच्या दशकात घरच्या गॅरेजमध्ये अशाच स्टिका बनवल्या होत्या ते उगाच नाही.

निवतीकर७

सगळ्यांचे आभार, विशेषतः कुडाळवाले दादा. फिरून आल्यावर भेटतोच तुम्हाला.

सेल घेतला शेवटी. भाऊ म्हणाला आंग्रियाच्या डिझेलपेक्षा स्वस्त आहे, गप घे. मल्टिमीटरला लावला, हवेत १०.४ मिलिव्होल्ट दाखवतो. आता घोटाळा ऐका. कॉन्सन्ट्रेटर चालू केला, नळी डायरेक्ट सेलवर धरली तर ३५.३ मिलिव्होल्ट. म्हणजे ७१ टक्के ना? पिवळी लाइट पण लागली. ९३ कुठे गेले? आणि सेल खराब की मशीन खराब ते कसं ओळखायचं?

स्टिक बनवली, ३ इंची पाइप, अडीच फूट, आत अर्धचंद्रासारखे कापलेले सहा पडदे उलटसुलट. सोल्यूशनने चिकटवलेत.

बुडबुडा_पुणे

३५.३ भागिले १०.४ गुणिले २०.९, हो ७१ बरोबर. सेल तपासायचा तर शुद्ध ऑक्सिजनवर धरा, १०.४ वाला सेल १०० टक्क्यांना ४९.८ दाखवायला पाहिजे. ४५ वर अडकला तर सेल म्हातारा झालाय, खालच्या टोकाला बरोबर आणि वरच्या टोकाला खोटं बोलणार. कुडाळला जाणारच आहात तर तिथेच बघून घ्या, दादांच्या देखरेखीत, रेग्युलेटरवरून मिनिटाला एक-दोन लिटर, सेलवर दाब द्यायचा नाही. सेल टक्के मोजत नाही, प्रेशर मोजतो, नळी घट्ट दाबलीत तर उगाच जास्त दाखवेल.

पण माझा अंदाज मशीनच. आतमध्ये झिओलाइटच्या दोन नळकांड्या असतात, त्या नायट्रोजन धरून ठेवतात आणि ऑक्सिजन पुढे सोडतात. त्याला पाण्याचं भयंकर वेड. चार पावसाळे कोकणात माळ्यावर, चादरीत, म्हणजे ती चाळणी दमट झाली, मग नायट्रोजन कशाला पकडेल. काही तास सलग चालवून बघा, थोडी सुधारते कधीकधी. नाहीतर त्या नळकांड्या (बेड) बदलून मिळतात. आणि ती बुडबुड्यांची पाण्याची बाटली लावली असेल तर काढा, ती पेशंटच्या नाकासाठी असते, कॉम्प्रेसरला दमट गॅस नकोच.

सोल्यूशनने चिकटवलंय वाचून दचकलो. त्याचा वास ज्यातून येतो तेच उद्या ४ बारला श्वासात जाणार आहे. आठ-दहा दिवस वाऱ्यावर टांगून ठेवा, नाक घालून वास घ्या, थोडाही आला तर अजून ठेवा. आत स्क्रू, तार, घासणी असलं काही सुटं नको, कॉम्प्रेसर ओढून घेतो. इनटेकचा फिल्टर काढू नका. आणि स्टिकचं उघडं टोक इंजिनच्या धुरापासून लांब आणि उंच, वाऱ्याच्या वरच्या बाजूला. नायट्रॉक्सच्या नादात लोकं कार्बन मोनॉक्साइड विसरतात.

वसईचा_विल्सन

थोडं केमिस्ट्री. झिओलाइट आर्गॉनला अडवत नाही, त्यामुळे कॉन्सन्ट्रेटरच्या ९३ मधले उरलेले बरेचसे आर्गॉन असतात. आर्गॉनची नशा नायट्रोजनपेक्षा जास्त. पण घाबरू नका, हवेत तो आधीच ०.९३ टक्के आहे, तुमच्या मिक्समध्ये सव्वा टक्क्याच्या आसपास जाईल. त्यापेक्षा आदल्या रात्रीची बिअर जास्त नशा देते.

आणि पावसाळ्यात सेल कॅलिब्रेट करताय तर बाहेरच्या हवेवर करू नका. ३० डिग्री आणि ८०-९० टक्के दमट हवेत पाण्याची वाफ एवढी असते की ऑक्सिजन खरा २०.२ च्या आसपास उरतो. तुम्ही त्याला २०.९ समजलात की सिलिंडरमधला कोरडा २८ तुम्हाला २९ दिसणार. किती खोल जायचं त्या हिशेबाने ही चूक सेफ साइडला, पण डाइव्ह कॉम्प्युटरला २९ सांगून खाली बसलात तर नो-डेकोच्या हिशेबाने उलट्या साइडला. नुसत्या हवेने भरलेला स्कूबा सिलिंडर घ्या, हळू सोडा, त्यावर २०.९ सेट करा. ती हवा कोरडी असते.

निवतीकर७

विल्सनभाऊ मानलं. सिलिंडरच्या हवेवर १०.७ आलं, बाहेर १०.४. आम्ही इथे दमटच जगतो म्हणून कळलंच नाही.

अपडेट. कुडाळला सेल ५०.९ दाखवला, म्हणजे सेल चांगला. दादांनी आधी हात धुवायला लावले, खरंच. मशीनचे बेड बदलले, आता ९१-९२ देतंय. स्टिक बारा दिवस गोठ्यात टांगली होती, म्हशीला सवय झाली. काल पहिला सिलिंडर भरला. स्टिकवर २७ च्या आसपास दाखवत होतं, भरून थंड झाल्यावर मोजला तर २६.१. परत मोजला, २६.१. अख्खी रात्र लीक शोधला. कुठे काय नाही. काय चुकतंय?

बुडबुडा_पुणे

सिलिंडर रिकामा होता का?

निवतीकर७

५० बार हवा होती आधीची.

...

अरे देवा.

बुडबुडा_पुणे

😄 ५० बार २०.९ चे, १५० बार २८ चे, सरासरी काढा, २६ च्या थोडं वर येतं. मशीन एकदम करेक्ट आहे. पुढच्या वेळी त्याच सिलिंडरवर भराल तेव्हा साडेसत्तावीसच्या आसपास जाल, किंवा आधीच रिकामा करा. स्टिकवर कमी दिसतं ते वाफेमुळे, कॉम्प्रेसरमध्ये पाणी निघून गेलं की थोडं वर येतं. आता त्या सिलिंडरवर टेप लावा, २६, मॅक्स डेप्थ, तारीख आणि ज्याने मोजलं त्याची सही. आणि बोटीवर जो पाठीवर घेणार त्याने स्वतः परत मोजायचं, भावाने मोजलंय म्हणून नाही.

धोंडी_पाणबुडो

म्हणजे मशीन बदललंस, सेल घेतलंस, म्हशीच्या डोक्यार पाइप टांगलंस, ह्या सगळा पाच टक्क्यांसाठी?

निवतीकर७

पाच पॉइंट दोन, काका. दुसरा सिलिंडर रिकामा करून भरला, २७.८ आला. आंग्रियाला एक जागा शिल्लक आहे, येताय का?

धोंडी_पाणबुडो

येतंय. पण माका साधी हवाच भर.